नखाखालचा हिरवा रंग

टेक्सासच्या किनाऱ्यालगत गॅल्व्हस्टन नावाचं एक लांबट, चिंचोळं बेट आहे. तिथल्या शहराला 'कण्हेरीचं शहर' म्हणतात. जोसेफ ऑस्टरमन या व्यापाऱ्याने 1841 साली जमैकाहून कण्हेरीची रोपं आणली आणि खाऱ्या वाऱ्याला न जुमानणारं ते झुडूप बघता बघता बेटभर झालं. 1900च्या सप्टेंबरात आलेल्या चक्रीवादळाने शहर धुऊन नेलं, हजारो माणसं गेली. पुढे भराव घालून बेटाची पातळी उंचावली, तेव्हा त्या उघड्याबोडक्या जमिनीवर लोकांनी पुन्हा कण्हेरीच लावल्या. आपल्याकडे महामार्गाच्या दुभाजकात धूर खात उभी असते आणि सकाळी देवाच्या तबकात दिसते, तीच ही कण्हेर.

2021च्या फेब्रुवारीत या साऱ्या मुलखावर उत्तर ध्रुवाकडची थंडी उतरली. 16 फेब्रुवारीला ह्यूस्टनच्या विमानतळावर पारा उणे 10 अंश सेल्सिअसच्या खाली गेला, डॅलसला उणे 19च्या आसपास. लाखो घरांची वीज गेली, दोनशेहून जास्त माणसं दगावली. झाडांचा विचार करायला कुणाला सवड नव्हती. आठवडाभराने बर्फ वितळला, लोक अंगणात आले आणि बघतात तो काय, कण्हेर, जास्वंद, बोगनवेल, लिंबू, सगळं तपकिरी. मराठी घरांत जपलेला मोगरा आणि कढीपत्ताही त्यातच. ह्यूस्टन-ऑस्टिनच्या अंगणांत निम्मी झाडं आपल्याच ओळखीची असतात, म्हणून हे उदाहरण मराठी वाचकाला जवळचं वाटावं.

मग सुरू झाली कापाकापी. कुणी मार्च उजाडायच्या आत सगळं जमिनीलगत सपाट केलं, कुणी मुळासकट उपटून कचऱ्याच्या गाडीत टाकलं. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या कृषी विस्तार विभागाचे तज्ज्ञ मात्र सांगत होते की थांबा, आत्ता हात लावू नका. ज्यांनी ऐकलं त्यांच्या बऱ्याच कण्हेरी एप्रिल-मे महिन्यांत बुंध्यातून फुटल्या. काही झुडपं तर ऐन उन्हाळ्यात जागी झाली. माझं मत विचाराल तर हिवाळा मारतो त्याहून अधिक झुडपं हिवाळ्यानंतरच्या पहिल्या रविवारी माणसं मारतात. हातात कात्री असते, ऊन छान पडलेलं असतं आणि वाळकी फांदी डोळ्यांत खुपत असते.

थांबायचं का, हे कळायला थंडी झाडाचं नेमकं काय करते ते पाहावं लागतं. पेशीच्या आतल्या पाण्यात साखर आणि क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे ते सहजी गोठत नाही. आधी गोठतं ते पेशींच्या मधल्या जागेतलं, जवळजवळ शुद्ध पाणी. तिथे बर्फाचे कण तयार झाले की ते पेशीतलं पाणी बाहेर ओढू लागतात. पेशी आक्रसते, तिचं पातळ आवरण ताणलं जातं आणि एका मर्यादेपलीकडे फाटतं. म्हणजे गोठलेलं झाड बहुधा तहानेनेच मरतं. बर्फ वितळल्यावर पान आधी ओलसर, काळपट, शिजवलेल्या पालेभाजीसारखं लोंबतं आणि दोन दिवसांनी कुरकुरीत होतं, ते यामुळेच.

थंड प्रदेशातल्या झुडपांनी यावर उपाय शोधलेला आहे. दिवस आखूड होऊ लागले की त्यांची वाढ थांबते, पेशींतल्या पिठाची साखर होऊ लागते, आवरणातले स्निग्ध पदार्थ बदलतात आणि पाणी बाहेर गेलं तरी पेशी तग धरते. ऑक्टोबरात उणे चार-पाच अंशांनी जळेल अशी फांदी जानेवारीत उणे पंचवीस सोसते, असंही घडतं. अट एकच, थंडी हळूहळू वाढली पाहिजे. घात होतो तो मधल्या ऊबदार दिवसांनी. अमेरिकेच्या पूर्व भागात 2007च्या मार्चमध्ये अकाली उकाडा झाला, झाडं पालवली, आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कडक थंडी परत आली. कोवळी पालवी काळी पडली. ज्या झुडपांना जानेवारीतल्या थंडीने ओरखडाही काढला नव्हता, ती एप्रिलमधल्या त्या मानाने सौम्य थंडीने भाजली. टेक्सासातही 2021च्या फेब्रुवारीचा पहिला आठवडा बऱ्याच ठिकाणी उबदारच होता.

महाराष्ट्रात इतकं टोक गाठलं जात नाही, तरी प्रकार आपल्याला अनोळखी नाही. निफाडला पारा अधूनमधून पाच अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा द्राक्षमण्यांची फुगवण थांबते, मण्यांना तडे जातात आणि बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ गाड्यांच्या टपांवर हिमकण दिसतात, तेव्हा हवेचं तापमान शून्याच्या वरही असू शकतं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पानं आणि पत्रा आपली उष्णता आकाशाकडे सोडतात आणि हवेपेक्षाही थंड होतात. शिवाय तुळस, जास्वंद यांसारख्या उष्ण प्रदेशातल्या झाडांना गोठायची गरजच नसते. दहा अंशांच्या खाली काही रात्री गेल्या की त्यांच्या पेशींचं कामकाज बिघडतं, पानं पिवळी-काळी होऊन गळतात. विदर्भात डिसेंबर-जानेवारीत तुळशीची काडी होते ती यामुळे.

आता तपासणी. याला लागतं ते अंगठ्याचं नख. फांदीच्या शेंड्याकडून सुरुवात करायची आणि सालीचा वरचा पापुद्रा नखाने हलकेच खरवडायचा. आतला थर ओलसर हिरवा दिसला तर तिथे जीव आहे. तपकिरी, कोरडा, पावासारखा भुसभुशीत लागला तर तेवढा भाग गेला. मग बोटभर खाली सरकून पुन्हा. असं करत खाली येताना एका ठिकाणी तपकिरी संपतो आणि हिरवा सुरू होतो. कधी ही सीमा शेंड्यापासून चार बोटांवर सापडते, कधी थेट मातीला टेकल्यावर. मातीशीही हिरवा दिसला नाही, तर बुंध्याजवळची माती थोडी उकरून मुळाचा माथा खरवडावा. जमिनीखाली थंडी फारशी पोचत नाही, तिथे हिरवा सापडण्याची आशा वरच्यापेक्षा जास्त. फांदी वाकवून बघण्याचीही पद्धत आहे. जिवंत फांदी वाकते, मेलेली कटकन मोडते. पण जुनी जाड फांदी जिवंत असूनही वाकत नाही, म्हणून माझा भरवसा नखावरच. हिरवी रेघ दिसली तरी लगेच उड्या मारू नयेत, कारण थंडीने मेलेली साल काही दिवस हिरवी राहू शकते. दोन-तीन आठवड्यांनी शेजारीच पुन्हा खरवडून पाहावं.

वाळक्या फांद्या लगेच न कापण्याला तीन कारणं आहेत. पहिलं, जिवंत आणि मेलेल्या भागाची सीमा सुरुवातीला कळतच नाही, आणि आज अंदाजाने कापलेली हातभर फांदी उद्या फुटणारी असू शकते. दुसरं, वरचा वाळका पाला खालच्या फांद्यांवर आडोसा धरतो. थंडीची आणखी एखादी लाट येणार असेल तर तोच उपयोगी पडतो. तिसरं कारण महत्त्वाचं. छाटणी हा झाडाला फुटण्याचा इशारा असतो. आपला द्राक्षबागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून बागेला ठरलेल्या वेळी फुटायला लावतो, तो याच तत्त्वावर. फेब्रुवारीत छाटलेलं झुडूप फेब्रुवारीतच फुटायला बघतं आणि पुढची थंडी ते कोवळे फुटवे खाऊन टाकते. साठवलेलं अन्न एकदा खर्चून झाल्यावर दुसऱ्यांदा फुटायला त्याच्याकडे उरतं काय?

तेव्हा त्या भागातली शेवटची थंडी सरावी, डोळे फुगावेत, मग सिकेटर हातात घ्यावं. मेलेला भाग संपतो तिथून किंचित खाली, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या निरोगी डोळ्याच्या वर, थोडा तिरका काप. आतल्या बाजूच्या डोळ्यावर कापलं की फुटवा झुडपाच्या पोटात शिरतो आणि गर्दी करतो. फांदी मुळापर्यंत गेली असेल तर ती बुंध्याशी कापायची, मध्येच खुंटी ठेवायची नाही. कापलेल्या जागी लेप लावायचा का, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न. अमेरिकेच्या वनसेवेतले अ‍ॅलेक्स शिगो यांनी यांत्रिक करवतीने असंख्य खोडं उभी चिरून पाहिली. झाड जखमेभोवती आतून भिंती उभारतं आणि कुजलेला भाग कोंडून टाकतं, हे त्यांनी दाखवलं. वरून फासलेल्या रंगाने किंवा डांबराने कुजणं थांबत नाही, असाही त्यांचा निष्कर्ष होता. दमट पावसाळ्यात छाटलेल्या फळबागेला बोर्डो पेस्ट लावतात, त्याचा हेतू बुरशी रोखण्याचा, तो विषय वेगळा. अंगणातल्या झुडपाला स्वच्छ धारेचा काप पुरतो.

कण्हेरीबाबत एक इशारा देऊन ठेवतो. तिचं पान, खोड, चीक सगळं विषारी असतं, वाळल्यावरही. कापलेल्या फांद्या शेकोटीत टाकू नयेत, धूरही अपायकारक असतो, आणि गुरांच्या तोंडी पाला लागू देऊ नये.

कुठवर कापायचं याइतकाच नाजूक प्रश्न म्हणजे फुलं कुठल्या लाकडावर येतात. फोर्सिथिया, लायलॅक आणि मोठ्या पानांचं निळं-गुलाबी हायड्रेंजिया ही झुडपं पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरून ठेवतात. हिवाळ्यानंतर त्यांची जिवंत फांदी कापली की त्या वर्षीची फुलं कापली. त्यांचा फक्त मेलेला भाग काढायचा, बाकी छाटणी फुलून झाल्यावर. उलट गुलाब, जास्वंद, शंकूसारख्या तुऱ्यांचं हायड्रेंजिया आणि क्रेप मर्टल, म्हणजे आपल्या ताम्हणाचा भाऊबंद, ही त्याच वर्षीच्या नव्या फांदीवर फुलतात. ती जमिनीपर्यंत गेली तरी उन्हाळ्यात फूल देऊ शकतात. न्यू जर्सीत सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे 'हायड्रेंजिया हिरवंगार आहे, पण तीन वर्षं फूल नाही'. बहुतेक वेळा कारण हेच. हिवाळा कळ्या मारतो, नाही मारल्या तर मालक मारतो.

फोर्सिथियाची आणखी एक गंमत. उत्तरेकडच्या कडक हिवाळ्यात या झुडपाचा खालचा भाग बर्फात गाडलेला असतो आणि वरचा उघडा. मार्च-एप्रिलमध्ये ते फुलतं तेव्हा गुडघाभर उंचीपर्यंत गच्च पिवळं आणि वर नुसत्या काड्या. बर्फात हवा कोंडलेली असते, म्हणून तो थंडी आत जाऊ देत नाही. बर्फ किती उंच साचला होता याची रेघच फुलं आखून देतात. म्हणून बुंध्याजवळचा बर्फ उकरून काढू नये. फांद्या ओझ्याने वाकल्या असतील तर झाडू खालून वर हलकेच लावून भुसभुशीत बर्फ उतरवावा. काचेसारखा घट्ट चिकटलेला असेल तर हात लावू नये, काठीने झोडपू तर मुळीच नये, गोठलेली फांदी बर्फासकट मोडते. आपोआप वितळू द्यावा.

गुलाबाच्या बाबतीत वेगळीच फसगत होते. बाजारातला बहुतेक गुलाब कलमी असतो, खुंट एका जातीचा आणि वर डोळा भरलेला दुसऱ्या जातीचा. थंडीने वरचा भाग पूर्ण गेला तरी खुंट जिवंत राहतो आणि खालून जोमाने फुटतो. मालक खूश होतो. जूनमध्ये फूल येतं ते भलतंच. अमेरिकेत 'डॉक्टर ह्यूई' ही गडद लाल जात खुंट म्हणून फार वापरली गेली. त्यामुळे पिवळा किंवा पांढरा गुलाब लावलेल्या कित्येक अंगणांत एखाद्या कडक हिवाळ्यानंतर सगळीकडे तोच लाल गुलाब दिसू लागतो. नवा फुटवा कलमाच्या गाठीच्या वरून आलाय की खालून, एवढंच आधी पाहायचं. खालून आलेला जिथून निघाला तिथपर्यंत माती उकरून ओढून काढायचा, नुसता छाटला तर दुप्पट फुटतो. गाठीच्या वर काहीच जिवंत नसेल, तर आपला गुलाब गेला असं समजावं. आपल्याकडच्या कलमी गुलाबालाही हा नियम तंतोतंत लागू आहे.

सदाहरित झुडपांचं दुखणं आणखी निराळं. ऱ्होडोडेंड्रॉन (हिमालयातला बुरांश याच वंशातला) आणि बॉक्सवुड यांची पानं हिवाळाभर टिकतात, म्हणजे हिवाळाभर पाणीही उडत राहतं. जमीन गोठलेली, मुळांना पाणी मिळत नाही आणि वर ऊन-वारा चालूच. ऱ्होडोडेंड्रॉन यावर काय करतं ते बघण्यासारखं आहे. पारा शून्याखाली उतरू लागला की त्याची पानं देठातून खाली लोंबतात आणि कडा आत घेत लांबट सुरळ्या होतात. थंडी जितकी कडक, तितकी सुरळी बारीक. ऊब आली की पानं पुन्हा सपाट. ही सुरळी पाहून झाड मेलं असं वाटतं, पण ते स्वतःला सांभाळत असतं. खरं नुकसान वसंतात दिसतं, वाऱ्याच्या बाजूची पानं कडेने तपकिरी होतात, बॉक्सवुडवर नारिंगी झाक येते. पानं गेली तरी डोळे जिवंत असू शकतात, म्हणून इथेही नखाचीच परीक्षा. पुढच्या वर्षी जमीन गोठायच्या आधी, हिवाळ्याच्या तोंडावर, भरपूर पाणी द्यायचं. रस्त्याकडेच्या झुडपांवर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ उडतं. तिथे वसंतात आळं दोन-चारदा पाण्याने भरून मीठ मुळांखाली उतरवायचं.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर खताचंही बोलून टाकू. आजारी माणसाला तूप-शिरा चारायची आपली सवय झाडालाही लावली जाते. झुडूप तपकिरी दिसलं की युरिया. पानं नसलेल्या झाडाला नत्र वापरताच येत नाही, आणि वापरलंच तर लुसलुशीत, थंडीला सर्वांत आधी बळी पडणारी वाढ होते. नवे फुटवे वीतभर झाले की शेणखत किंवा कंपोस्ट, तेही बेताने. पाणीसुद्धा कमीच लागतं, कारण उडवायला पानंच नाहीत. बोट मातीत खुपसून दोन पेरं कोरडं लागलं तरच द्यावं. गोठण्या-वितळण्याच्या खेळात माती फुगून छोट्या झुडपांची मुळं वर उचलली गेलेली असतात. ती हाताने दाबून बसवावीत आणि वर पालापाचोळ्याचं चार बोटांचं आच्छादन घालावं, खोडाला मात्र टेकू देऊ नये.

कुंडीतल्या झाडांची गत याहून वाईट. झाडाची मुळं त्याच्या फांद्यांइतकी थंडी सोसत नाहीत. जमीन त्यांना सांभाळते, कुंडीची भिंत नाही. म्हणून परदेशातली मराठी घरं ऑक्टोबरात कुंड्या आत घेतात. आत आलेला कढीपत्ता डिसेंबरात पानं गाळतो आणि घरातले घाबरून रोज पाणी घालतात. थंडी आणि अपुऱ्या उजेडात कढीपत्ता झोपी जातो, एवढंच. ओल्या थंड मातीत मुळं कुजतात आणि थंडीने न मेलेलं झाड पाण्याने मरतं. काडी खरवडून हिरवी लागली तर महिन्यातून दोनदा जेमतेम पाणी पुरे. मेमध्ये बाहेर काढताना आधी सावलीत, मग सकाळच्या उन्हात असं आठवडा-दोन आठवडे सवय लावत न्यावं, नाहीतर हिवाळ्यातून तगलेली नवी पानं उन्हाने भाजतात.

एवढं सगळं करूनही कधीकधी दगा होतो. एखादं झुडूप एप्रिलमध्ये पालवतं आणि मे-जूनच्या उकाड्यात एकाएकी कोमेजतं. फांदीत साठलेल्या अन्नावर ते फुटलेलं असतं. पाणी वर नेणाऱ्या नळ्या मात्र थंडीने निकामी झालेल्या असतात. टेक्सासात 2021 साली कित्येक झाडांच्या खोडांची साल उभी तडकली होती. अशा झाडांवर पहिला उन्हाळाभर नजर ठेवावी लागते. याउलट पूर्ण गेलेलं झाड मुळातून परत येतं, याचा दाखला दक्षिण फ्रान्समध्ये आहे. 1956च्या फेब्रुवारीत, उबदार जानेवारीनंतर, प्रोव्हान्सवर अशीच थंडी कोसळली आणि लक्षावधी ऑलिव्हची झाडं वरून मेली. शेतकऱ्यांनी ती जमिनीलगत कापली, बुंध्यातून फुटवे आले, त्यातले निवडक तीन-चार ठेवले. आज तिथे एका बुंध्यातून तीन-चार खोडं निघालेली झाडं जागोजागी दिसतात. ती त्या फेब्रुवारीनंतरची.

जमिनीपर्यंत गेलेल्या झुडपाला हाच धडा लागू करावा. फुटवे दहा-बारा आले तर सगळे ठेवू नका. वीत-दीड वीत उंचीचे झाल्यावर मजबूत असे चार-पाच निवडा आणि बाकीचे मोडा, म्हणजे दोन हंगामांत झुडपाला पुन्हा आकार येतो. महाराष्ट्रातल्या तुळस-जास्वंदीला होळीपर्यंत मुदत द्या. टेक्सास किंवा न्यू जर्सीत असाल तर जून संपेपर्यंत थांबा. त्यानंतरही बुंध्याशी हिरवं टोक नसेल आणि उकरलेलं मूळ तपकिरी, मऊ लागत असेल, तर ते झुडूप काढून टाका. त्या जागी तुमच्या भागातला सर्वांत थंड दिवस सोसणारी जात लावा, आणि ती शक्यतो वसंतातच, म्हणजे पुढच्या हिवाळ्याआधी तिची मुळं जमिनीत खोल गेलेली असतील.